पंख होता होता राहिलेली घुंडी

पिकल्या फळावर घोंघावणारी फळमाशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पंखांच्या मागे दोन बारीक घुंड्या दिसतात. या हॉल्टेअर, उडताना तोल सांभाळणाऱ्या. त्यांच्या जागी पंखच यायचे, पण अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक येऊ देत नाही. म्हणूनच त्याला ‘हॉल्टेअरचं जनुक’ म्हणणं फारसं पटत नाही; त्याचा बराचसा वेळ मोडता घालण्यात जातो.

हा मोडता काढायला याच जनुकात दोन बदल लागतात. बायथोरॅक्स उत्परिवर्तनाने हॉल्टेअर असलेल्या तिसऱ्या वक्षखंडाचा (छातीच्या खंडाचा) पुढचा भाग पंख असलेल्या दुसऱ्या खंडासारखा होतो, पोस्टबायथोरॅक्सने मागचा. आनुवंशशास्त्रज्ञ एडवर्ड लुइस यांनी दोन्ही एकत्र आणली आणि चार पंखांची माशी मिळाली. दिसायला देखणी, उडायला निकामी!

पण खरी गंमत अर्धवट बिघाडात आहे. अल्ट्राबायथोरॅक्सची एकच प्रत चालू असेल तर हॉल्टेअर जराशी फुगते, एवढंच. अशा काठावरच्या माशीत दुसरं जनुक थोडं ढिलं केलं, की दोघांचं नातं उघडं पडतं. ट्रायथोरॅक्स हे जनुक हॉक्स जनुकांना, म्हणजे कोणत्या खंडाचं काय व्हायचं ते ठरवणाऱ्या अल्ट्राबायथोरॅक्ससारख्या जनुकांना, चालू ठेवतं. त्याचीही एक प्रत गेली तर हॉल्टेअर पंखाकडे आणखी झुकते. पॉलिकोम्ब उलट्या बाजूचं, नको तिथे त्यांना बंद ठेवणारं. त्याची एक प्रत बिघडली, की नराच्या फक्त पहिल्या पायांवर असणारा काळा कंगवा दुसऱ्या-तिसऱ्या पायांवरही उगवतो. त्यात ट्रायथोरॅक्सची प्रत कमी केली, की हे जादा कंगवे घटतात. दात मोजायचे, बस्स.

मोजणी फसते ती मात्र भलत्याच ठिकाणी. माद्या २५ अंशांवर कोशातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या नाहीत, तर बाप कोण याचाच भरवसा उरत नाही. बाटलीत गर्दी झाली तर माशा खुरटतात आणि हॉल्टेअरच्या आकाराची तुलना फुकट जाते. त्याहून चकवा देणारं असतं बॅलन्सर गुणसूत्र, म्हणजे उत्परिवर्तन पिढ्यानपिढ्या टिकवायला जोडीला ठेवलेलं, ओळखू येणारी खूण असलेलं गुणसूत्र. टीएम२ आणि टीएम६ या दोन बॅलन्सरांवर खूण म्हणून अल्ट्राबायथोरॅक्सचंच उत्परिवर्तन बसवलेलं असतं. फुगलेली हॉल्टेअर पाहून हर्ष व्हावा, आणि ती निघावी बॅलन्सरची! टीएम६बी हा बॅलन्सर घेतला तर हॉल्टेअरपुरती सुटका होते, पण खांद्यावर जादा राठ केस आणणारी त्याची ह्युमरल ही खूणही अँटेनापीडिया या हॉक्स जनुकाचीच.