रबरी वाटीचा भरवसा

गाडीच्या मागच्या काचेपाशी बसून मान हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याची खरी मजा गाडी धावत असताना नव्हतीच. ती सिग्नलला. गाडी थांबायची, आतली माणसं गप्प व्हायची, आणि हा मात्र मागे पडलेल्या कुठल्यातरी खड्ड्याला अजून होकार देत बसलेला. मागच्या गाडीतला माणूस कितीही घाईत असो, त्या होकारापुढे त्याचा हॉर्नवरचा हात जरा तरी सैल पडायचाच. आत तसं काहीच नव्हतं. पोकळ धड, त्यात एका आकड्यावर टांगलेलं डोकं, आणि डोक्यामागून धडात उतरलेल्या दांडीच्या टोकाला एक वजन. तोल साधला की फुंकर मारली तरी मान डोलणार. बॅटरी नको, बटण नको. शिवाय कधी नकार नाही.

गाडीत अशा वस्तू बसवण्याची एक हौस होती आणि ती आता जवळजवळ गेली आहे. गाडी कंपनी बनवायची, पण ती पुरी करायचं काम मालकाकडे असायचं. काही वस्तू सोयीच्या, काही शोभेच्या, आणि बऱ्याचशा अशा की सोयीच्या म्हणून घेतल्या आणि आठवड्याभरात शोभेच्या झाल्या. मला या तिसऱ्या जातीचं जास्त प्रेम आहे.

या सगळ्या संसाराचा आधार म्हणजे रबरी वाटी. होकायंत्र असो, छोटा पंखा असो, थर्मामीटर असो, खाली वाटी असायचीच. पाकिटावर रीतसर लिहिलेलं असे: काच स्वच्छ करा, कोरडी करा, वाटी घट्ट दाबा. प्रत्यक्षात सगळं जग एकच करत असे. अंगठा जिभेला लावायचा, वाटीच्या कडेवरून फिरवायचा आणि वाटी धप्पकन काचेवर दाबायची. शास्त्र अंगठ्याच्याच बाजूनं होतं. ओलाव्यानं कडेच्या बारीक फटी बुजतात, दाबताना आतली हवा निघून जाते, आणि मग बाहेरच्या हवेचा दाब वाटीला धरून ठेवतो. पण ऊन खाऊन रबर कडक झालं की हा करार एकतर्फी मोडायचा, तोही नेमका वळणावर. होकायंत्र मांडीत पडायचं आणि पडल्या पडल्या वेगळीच दिशा दाखवायला लागायचं.

त्या होकायंत्राबद्दल थोडं बोललं पाहिजे. पारदर्शक गोळा, आत तेलासारखा द्रव, त्यात तरंगणारी आकड्यांची चकती. दिसायला विमानातलंच. गाडीचं लोखंड, स्पीकरमधले चुंबक, वायरींमधून जाणारी वीज यांच्यामध्ये बसून त्यानं उत्तर दिशा सांगावी ही अपेक्षाच क्रूर होती. बाजूला बारीक स्क्रू असत, ते फिरवून चूक दुरुस्त करायची सोय होती. ते फिरवणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडचं होकायंत्र वर्षभर आग्नेयेवर ठाम होतं. कुणाचं काही अडलं नाही, कारण रस्ता विचारल्यावर ‘इथून नैर्ऋत्येला जा’ असं कोणी सांगत नाही.

वाटीची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे ती पिवळी चौकट. अमेरिकेतल्या सेफ्टी फर्स्ट या कंपनीनं १९८४ साली ‘गाडीत बाळ आहे’ असं सांगणारी पाटी बाजारात आणली आणि बघता बघता मागच्या काचा पिवळ्या झाल्या. लगेच तिच्या नकलाही आल्या, त्यात ‘सासूबाई डिकीत’ ही अर्थातच होती. त्या पाटीनं मागचा माणूस खरंच जपून चालवतो का, याबद्दल मला शंका आहे. पण बाळ कॉलेजात गेलं तरी पाटी तिथेच, हे मात्र सगळ्यांनी पाहिलंय.

मुळात सुरुवातीच्या गाड्या अर्धवटच मिळत. कुठे हीटर नाही, कुठे रेडिओ नाही, इंजिन किती तापलंय हे कळायची सोय नाही. उणीव दिसली की तिथे कुणीतरी उपकरण घेऊन उभा. त्या काळी रेडिएटरचं झाकण गाडीच्या नाकावर, उघड्यावर असायचं. १९१०च्या दशकात बॉइस मोटोमीटर आला. तो थेट त्या झाकणावरच बसायचा. गोल काचेत थर्मामीटर, वाफेच्या उष्णतेनं चढणारा लाल पारा, म्हणजे खरं तर लाल द्रव, आणि तो ड्रायव्हरनं आपल्या जागेवरून, अख्ख्या बोनेटपलीकडे वाचायचा. त्याच झाकणावर काहीजण पंखवाल्या पऱ्या, उडते पक्षी, धावते कुत्रे बसवत. चार्ल्स साइक्स या शिल्पकारानं घडवलेली रोल्स रॉइसची परी १९११ सालची. पुढे तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला, झाकण बोनेटखाली गेलं, आणि बिचारा मोटोमीटर बेकार झाला. परी मात्र राहिली. तिला काही कामच नव्हतं, त्यामुळे ते जाण्याचा प्रश्न नव्हता. आता तर धक्का लागला की ती झटकन नाकात लपून बसते, एवढी तिची बडदास्त.

स्टेअरिंगला लावायचा गोल लट्टू हा याच्या उलट. तो खरोखर कामाचा होता. पॉवर स्टेअरिंग विक्रीच्या गाडीत आलं ते १९५१ सालच्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. त्याआधी उभी गाडी वळवणं हा खांद्यांचा व्यायाम होता. लट्टू धरला की एका हातानं चाक गरगर फिरवता येई. शिवाय त्यात रंगीत चित्रं, फुलं, क्वचित एखादी हसरी बाई. गैरसोय एवढीच की वळण संपून चाक जोरात सुलटं फिरलं की लट्टू बाहीत अडकायचा किंवा मनगटावर बसायचा. अमेरिकेत त्याला आत्महत्येचा लट्टू म्हणत, यावरून काय ते समजा. फोर्कलिफ्टवर आणि ट्रॅक्टरवर तो अजून दिसतो, आणि एका हातानं गाडी चालवावी लागणाऱ्या ड्रायव्हरसाठी तो आजही मोठा आधार आहे.

पण वेडेपणात गाण्याच्या यंत्रांचा हात कोणी धरणार नाही. १९५६च्या मॉडेलांत क्रायस्लरनं चक्क गाडीत तबकडी वाजवायची सोय दिली. हायवे हाय-फाय तिचं नाव. डॅशबोर्डखाली एक खण, तो बाहेर ओढायचा, सात इंची तबकडी ठेवायची, सुई टेकवायची आणि खण परत आत सारायचा. हे चालत्या गाडीत. कल्पना पीटर गोल्डमार्क यांची, ज्यांनी लाँग प्ले तबकडी घडवण्यात मोठा वाटा उचलला होता. त्यामुळे खेळ पोरकट नव्हता. तबकडी मिनिटाला फक्त १६⅔ फेरे घ्यायची, रेघा अतिशय बारीक, म्हणून छोट्याशा तबकडीच्या एका बाजूवर पाऊण तास गाणी मावत. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून ती चांगली दाबून धरलेली. सुई बहुधा उडत नसेलही, पण रेकॉर्ड झिजायची. आणि असल्या तबकड्या एकच कंपनी काढायची, घरच्या प्लेअरवर त्या वाजायच्या नाहीत, घरातल्या तबकड्या गाडीत चालायच्या नाहीत. काही वर्षांत प्रकरण आटोपलं. तरी पुढे युरोपात फिलिप्सनं फटीतून तबकडी आत सरकवायचा प्लेअर काढलाच. खड्डे आणि सुई यांचं लग्न लावायची माणसाची हौस काही फिटत नव्हती.

मग आठ ट्रॅकची काडतुसं, म्हणजे टेप भरलेल्या जाड डब्या, आल्या. फोर्डनं १९६६च्या मॉडेलांसाठी त्यांचे प्लेअर देऊ केले. टेप गोल गोल फिरणारी, न संपणारी. ती चार भागांत वाटलेली, आणि भाग बदलताना प्लेअरमधून मोठा ‘खट्’ आवाज. चारही भाग सारख्या लांबीचे करायचे तर कुठलं तरी गाणं मध्येच कापावं लागे. गायिका तान घ्यायला लागली की आवाज हळूहळू मावळायचा, खट्, आणि पुन्हा तिथूनच उजाडायचा. ज्यांनी ती गाणी तशी ऐकली, त्यांना म्हणे नंतर अखंड गाणं ऐकताना त्या जागी चुकल्यासारखं व्हायचं. मला पटतं. माझंही एका कॅसेटच्या अडॅप्टरवर तसंच प्रेम होतं. वरून कॅसेटच, पण पोटात टेप नाही. दोन-तीन दातेरी चाकं, टेपरेकॉर्डरच्या हेडला टेकणारं दुसरं एक हेड, आणि कडेतून निघालेली वायर, ती थेट सीडी प्लेअरला. कॅसेट प्लेअरला शेवटपर्यंत वाटत असणार की आपण कॅसेटच वाजवतोय. मंद गाण्यात त्या चाकांची कुरकुर स्पष्ट ऐकू यायची.

निसानच्या एका गाडीनं तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बोलायलाच घेतलं. दिवे बंद करा, असं ती गोड आवाजात सांगायची, आणि तो आवाज चिपमधून नव्हे, आत दडवलेल्या इवल्याशा तबकडीवरून यायचा. होंडानं १९८१ साली रस्ता दाखवणारं यंत्र आणलं, तेव्हा आकाशातल्या उपग्रहांकडून दिशा मिळवायची सोय सामान्यांना नव्हती. त्यात गाडी किती वळली हे ओळखणारा, वायूवर चालणारा गायरोस्कोप होता, आणि पडद्यावर पारदर्शक नकाशा हातानं सरकवावा लागे. नकाशा संपला की गाडी थांबवून दुसरा घाला.

दुसरं एक खातं भीतीचं. गाडीच्या मागे जमिनीला टेकणारी काळी रबरी पट्टी आठवते? ती गाडीतली स्थिर वीज जमिनीत सोडते आणि मग पोरांना गाडी लागत नाही, अशी श्रद्धा होती. गाडी लागते ती कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाचं आणि डोळ्यांचं एकमत होत नाही म्हणून. कान म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात पुस्तक तर जागच्या जागी आहे. त्यात मागच्या बंपरला लोंबणारी पट्टी काय मध्यस्थी करणार? तरी ती लावल्यावर बरं वाटणारी माणसं असत, आणि त्यांना बरं वाटत होतं हे खोटं नव्हे. बिचाऱ्या पोरांना मळमळण्याचं निम्मं कारण तर पुढेच लटकत असायचं: पाइनच्या झाडाच्या आकाराचा पुठ्ठा. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमध्ये ज्युलियस सामान यांनी १९५२च्या सुमाराला तो तयार केला. त्याची पिशवी एकदम काढायची नसते. शेंडा तेवढा बाहेर काढायचा, मग दर आठवड्याला थोडी थोडी खाली ओढायची, म्हणजे वास पुरवून पुरवून येतो. हे पाकिटावर लिहिलेलं आहे. आणि प्रत्येक घरात एक काका असतो, जो ती पिशवी पहिल्याच दिवशी दातानं फाडून फेकतो.

फोक्सवॅगन बीटलची गोष्ट मला यात सगळ्यात बोलकी वाटते. जुन्या बीटलच्या डॅशबोर्डवर लोक चिनी मातीची छोटी फुलदाणी अडकवत. ती वेगळी घ्यावी लागे. एखाद-दुसरं फूल मावेल एवढीच, आणि पाणी घातलं तर पहिल्या ब्रेकला आपल्या गुडघ्यावर. १९९०च्या दशकाच्या शेवटी नवी बीटल आली तेव्हा कंपनीनं ती फुलदाणी स्वतःच बसवून दिली. पुढच्या पिढीत काढूनही टाकली. दिली तेव्हा कौतुक झालं, काढली तेव्हा हळहळही झाली असेल, पण फुलदाणी कंपनीनं लावली की ती नुसता एक सुटा भाग होते. मालकानं लावलेल्या फुलदाणीला कोणीतरी आधी विरोध केलेला असतो. ‘काय हे, गाडी आहे का देव्हारा?’ असं घरचं कोणीतरी म्हणालेलं असतं. मग ती लागते. हल्लीच्या गाडीत दिव्यांचे रंगसुद्धा यादीतून निवडायचे, आणि माझ्या निवडीला कोणी नाकही मुरडत नाही. यात काय गंमत?

या सगळ्यांत निव्वळ चुकून टिकलेलं असं एकच. सिगारेटचं लायटर. दाबलं की आतल्या दोन धातूंच्या पट्ट्या त्याला पकडायच्या, तार लाल व्हायची, उष्णतेनं पट्ट्या वाकून पकड सुटायची आणि टक्कन लायटर बाहेर. त्या ‘टक्’साठी सिगारेट न ओढणारेही ते दाबून बघत, आणि लाल तारेला बोट लावू नको असं सांगितलेल्या पोरांनी पुढे काय केलं ते सांगायला नको. लायटर गेलं, खोबण राहिली. हल्ली तिच्यावर एक टोपण असतं आणि १२ व्होल्टचा शिक्का. फोन चार्ज करायला वेगळी खोबण आल्यापासून हिला फारसं काम उरलेलं नाही, एक सोडून: टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप. तो मात्र जुन्या खानदानाचा आहे. डबा फार सुरेख, आत फुटबॉलची सुई आणि गादी फुगवायची नळी फुकट, आवाज असा की शेजारच्या गाडीतले खाली उतरून बघतात. आणि वायर पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत छान पोचते. मागच्या चाकाशी मात्र बरोब्बर वीतभर कमी पडते.