बातमी मुंबईत पोहोचली तो दिवस

१८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला, त्याविषयी वाचताना दोन आकडे हमखास भेटतात: बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० पर्यंत चढला आणि शेवटी ८७ ला विकला गेला. या दोन आकड्यांमधले दिवस मात्र जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींतच सापडतात, आणि त्यांसाठीच मी त्या फायलींकडे पुन्हा पुन्हा वळतो.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस येईनासा झाल्याने मुंबईच्या कापसाला चढा भाव मिळत होता आणि तो पैसा शेअरांत ओतला जात होता. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेकडच्या राज्यांचे सेनापती जनरल ली शरण आले, युद्ध संपत आले आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे स्पष्ट झाले. परंतु अटलांटिक ओलांडणारी तार टिकाऊपणे सुरू झाली ती १८६६ मध्ये. तोवर अमेरिकेची बातमी जहाजाने आधी इंग्लंडला आणि तिथून पुढे मुंबईला येत असे. म्हणून एप्रिलच्या मध्यावर ज्याने १ जुलैच्या वायद्याने, म्हणजे पैसे त्या दिवशी चुकते करण्याच्या बोलीवर, समुद्रात भराव घालू पाहणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे शेअर घेतले, त्याला अविचारी ठरवण्याआधी त्या सकाळच्या अंकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा कोणत्या तारखेचा भाव छापला होता, हे पाहिले पाहिजे. घटनेची तारीख आणि ती छापून आल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने मी टिपणवहीत आखून ठेवले आहेत.

अग्रलेखांपेक्षा मला जाहिरातींची पाने अधिक मोलाची वाटतात. नव्या कंपनीच्या जाहिरातीत झळकते ते अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढे उभारता येईल तेवढे. प्रत्यक्षात वसूल किती झाले याचा माग पुढच्या अंकांतल्या बारीक टाइपातल्या सूचनांवरून काढावा लागतो, ज्यांत भागधारकांनी अमुक तारखेपर्यंत पुढचा हप्ता भरावा, असे कळवलेले असते. सुरुवातीला मी जाहिरातीतलाच आकडा भांडवल म्हणून उतरवून घेत होतो; चूक ध्यानात आल्यावर महिनाभराची टिपणे पुन्हा तपासावी लागली.

वर्तमानपत्रालाही जाहिरातदार सांभाळायचे असत, त्यामुळे त्याच्या मौनावर विसंबता येत नाही. बँक ऑफ बॉम्बेच्या बाबतीत पडताळ्यासाठी बँक बुडाल्यानंतर नेमलेल्या १८६८ च्या चौकशी आयोगापुढील साक्षी आहेत. पण त्या साक्षीदारांना शेवट ठाऊक होता, बातमीदाराला नव्हता, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्या बाजारात गुजराती बोलणारे दलाल आणि व्यापारी पुष्कळ होते. म्हणून आता १८२२ पासून निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती वर्तमानपत्राचे १८६५ चे अंक वाचता यावेत, यासाठी मी गुजराती लिपी गिरवतो आहे.