लिव्हर सोडला तरी

शनिवार, रात्र

आज पुन्हा तेच. निघताना मोटारसायकल हलकी होती, एका हाताने ढकलली तरी सरकत होती. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर पुढचा ब्रेक धरायला लागला. आधी वाटलं, समोरून वारा असेल. मग थ्रॉटल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी वाहत जाईना, मागून कुणी धरून ठेवावं तशी मंदावत गेली. हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर तर दगड झालेला. निघताना चांगला बोटभर खेळत होता, आता नुसतं बोट टेकवलं तरी ब्रेक.

बाजूला घेतली. ओली बोटं डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, झटकली, थेंब चुर्रकन उडून गेले. त्या चकतीला दाबणाऱ्या, करपलेल्या पॅडचा तो कडवट वास अजून नाकातून जात नाहीये. न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली, जागची हलेना. वीस-पंचवीस मिनिटं तशीच बसून राहिले. डिस्क निवली आणि ब्रेक आपोआप सुटला, काही झालंच नव्हतं असा. परत येताना आणखी दोनदा थांबावं लागलं.

मला याची भीती वाटते. मागचं चाक अडलं तर गाडी सावरायला थोडा तरी अवधी मिळतो. पुढचं वळणावर अडलं तर तेवढाही मिळत नाही. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे ठरवून टाकलं.

रविवार

वाईट याचं वाटतं, की कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, मी महिन्यापूर्वीच उघडला होता, आणि मन लावून उघडला होता.

गाडी सत्तरच्या दशकातली, पुढे एकच डिस्क. होंडाची सीबी ७५० १९६९मध्ये पुढे हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी, डिस्क घेऊन आली, त्यानंतर मोठ्या गाड्यांमध्ये हा ब्रेक बघता बघता रुळला. माझ्या गाडीचा ब्रेकही त्याच पिढीतला. कॅलिपरची बॉडी ॲल्युमिनियमची, पॅडला पुढे ढकलणारा पिस्टन क्रोम चढवलेला पोलादी. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे काय होणार, ते ठरलेलंच.

पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही. हवेने तो गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर बोटाचा चुरा होतो. समोर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ब्रेकच्याच दाबाने, लिव्हर हळूहळू मारत, त्याला बाहेर आणला. क्रोम उडून खड्डे पडले होते, म्हणून नवा स्टेनलेस स्टीलचा घेतला. खरी घाण मात्र पिस्टनभोवतीचं रबरी सील काढल्यावर दिसली. सील बसतं त्या खाचेत, अगदी मागच्या बाजूला, पांढरट पूड दगडासारखी घट्ट बसलेली. वरून पाहिलं तर खाच स्वच्छच वाटते.

या पूडीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. अशा कॅलिपरमध्ये ती नसते. चौकोनी कापाचं ते सीलच पिस्टन पुढे जाताना त्याच्याबरोबर किंचित वाकतं, आणि लिव्हर सोडल्यावर पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. चाक मोकळं फिरतं ते त्या केसभर अंतरावर. खाचेत पूड साचली की सील पिस्टनला आवळून बसतं, त्याला वाकायला जागाच उरत नाही. नवं सील तसंच वर बसवलं तर तेही आवळलेलंच राहणार. टोक वाकवलेल्या तारेने मी तासभर ती खाच खरवडली होती. नवं सील ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं. साधं ग्रीस नाही आणि पेट्रोल तर मुळीच नाही, त्याने हे रबर फुगतं. जुन्या पॅडची धूळ ओल्या फडक्याने टिपली, फुंकर मारली नाही, कारण त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा.

इतकं करूनही काल ब्रेक धरलाच.

दिवसभर तेच डोक्यात होतं. संध्याकाळी एकदम लक्षात आलं, की मी प्रत्येक वेळी थंड झालेला, सुटलेला ब्रेक उघडत आले. ताप उतरल्यावर नाडी बघून काय कळणार? ब्रेक अडलेला असतानाच बघायला हवं.

मंगळवार

आवारातल्या आवारात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, फेऱ्या मारत राहिले. दर फेरीला पुढचा ब्रेक दाबायचा, सोडायचा. कितव्या फेरीला ते मोजलं नाही, पण लिव्हर कडक होत गेला, मग खेळ संपला आणि चाक धरलं. गॉगल आणि हातमोजे आधीच घातले होते. पेट्रोलच्या टाकीवर जाड फडकं अंथरलं, ब्रेक ऑइलचा थेंब पडला की रंग गेलाच म्हणून समजायचं.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी कॅलिपरचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, उघडला असता तर दाब निघून गेला असता, ब्रेक सुटला असता आणि दोष वर आहे की पाइपात, ते तसंच राहिलं असतं. पाइप आतून फुगला तरी असंच होतं, बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत ऑइल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. म्हणून वरून सुरुवात केली. लिव्हरपाशी ऑइलवर दाब आणणारं नळकांडं म्हणजे मास्टर सिलिंडर. त्याला पाइप जोडणारा बॅन्जो बोल्ट जेमतेम पाव फेरा सैल केला. फडक्यात ऑइल फसकन आलं, आणि त्याच क्षणी पुढचं चाक सुटलं. गाडी स्वतःहून दोन बोटं पुढे सरकली!

म्हणजे कॅलिपर सुटला, पाइपही सुटला. दाब वरच अडकत होता. कॅलिपरवर घालवलेले ते दोन रविवार आठवले, पण वाईट नाही वाटलं. ती पूड कधी ना कधी काढावीच लागणार होती.

बुधवार

मास्टर सिलिंडर टेबलावर घेतला. ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं, आणि तळाशी तपकिरी, जेलीसारखा थर. डॉट ३, डॉट ४ या प्रतींची ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा शोषत राहतात. डॉट ४चा उकळबिंदू ताज्या डब्यात किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५वर येते. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात, ते यासाठी. माझ्या गाडीत किती वर्षांचं होतं कोण जाणे. कॅलिपर उघडला तेव्हा मी वरून नवं ओतलं, पण तळ पुसला नाही. ही चूक माझी, आणि ती इथे नोंदवून ठेवते.

मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या छोट्या टाकीच्या तळाला दोन छिद्रं असतात. एक मोठं, त्यातून आतल्या पिस्टनवरच्या रबरी कपच्या मागे ऑइल उतरतं. ते दिसत होतं. दुसरं त्याच्या पुढे, सुईच्या टोकाएवढं. ते दिसतच नव्हतं. थर पुसून, टॉर्च तिरपी धरून, भिंगातून पाहिलं तेव्हा नुसता एक काळा ठिपका दिसला.

सगळं त्या ठिपक्यात होतं. पिस्टन पूर्ण मागे आला की रबरी कप त्या छिद्राच्या जेमतेम मागे थांबतो आणि छिद्र उघडं पडतं. ब्रेक लावून लावून ऑइल तापतं, तापलं की फुगतं, आणि फुगलेलं जास्तीचं ऑइल त्या वाटेने वर टाकीत येतं. वाट बंद असेल तर ते जाणार कुठे? पॅडलाच दाबत राहणार. पॅड घासले की आणखी उष्णता, आणखी फुगवटा, आणखी दाब. निवलं की ऑइल आकसतं आणि ब्रेक सुटतो. शनिवारचा सगळा प्रकार एका ठिपक्यात उलगडला. किती वेळ भिंग हातात धरून तशीच उभी होते.

ड्रिल लावायचा नाही. छिद्र मोठं झालं किंवा कडेला जरा जरी धार राहिली तरी कप त्यावरून जाताना कुरतडला जातो. लेकीच्या गिटारची तुटलेली पहिली तार मागून घेतली, ०.०१० इंचाची, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. फिरवत फिरवत घातली. आधी जाईना, मग मऊ काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि तार पलीकडे सिलिंडरच्या पोकळीत निघाली. नवं ब्रेक ऑइल घालून धुतलं, टॉर्चवर धरलं, तर उजेडाचा टाचणीएवढा ठिपका आरपार.

कप आणि पिस्टन अडवून ठेवणारी सर्क्लिप नवे टाकले. पाइपही बदलला, जुनाच परत लावायला मन होईना. लिव्हरचा स्क्रू पाहिला तर लिव्हर पिस्टनला टेकूनच बसलेला. अशाने कप पूर्ण मागे येत नाही आणि स्वच्छ छिद्रही झाकलेलंच राहतं. हाताला जाणवेल इतकी फट ठेवून नट आवळला.

शनिवार

सकाळी ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढली. लेक लिव्हरवर, मी खाली निपलपाशी.

“दाबू?”
“दाब. धरून ठेव.”
“धरलाय.”
“अजून सोडू नकोस... हं, सोड आता.”

नळीतले बुडबुडे आधी मोठे, मग राईएवढे, मग बंद. शेवटी तिला म्हटलं, आता आत बघत लिव्हर अगदी हळू, जेमतेम हलव. ती झाकण काढलेल्या टाकीवर वाकली. “आई, कारंजं!” इवलीशी धार, करंगळीच्या नखाएवढी उंच, त्या छिद्रातून वर येत होती. कप छिद्र झाकण्याआधीचं ते शेवटचं ऑइल. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मी थांबवलं नाही. झाकण लावायला मात्र लगेच लावलं, उघड्या टाकीतून ऑइल ओलावा ओढतं.

दुपारी आवारात खूप फेऱ्या मारल्या, मुद्दाम ब्रेक लावत. लिव्हर बदलला नाही. मग रस्त्यावर. पंधरा किलोमीटर, तीस, चाळीस. थ्रॉटल सोडला की गाडी वाहतच जाते, किती दिवसांनी ते ऐकलं, नुसता टायरचा आवाज. थांबून डिस्कजवळ हात नेला, कोमट. लिव्हर बोटभर खेळतोय.

ऑइल बदलल्याची तारीख कागदी पट्टीवर लिहून सीटखाली चिकटवली. गिटारची तार गुंडाळून टूलकिटमध्ये, दहाच्या पान्याशेजारी ठेवली आहे.