शाईला थंडी बाधते तेव्हा

टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून छपाई, मी गॅरेजमध्ये करते. सोमवारी सकाळी त्याचं दार उघडलं आणि आधी हिटरकडे पाहिलं. शनिवारी निघताना वीज वाचावी म्हणून मीच तो बंद केला होता. आतला थर्मामीटर उणे 9 दाखवत होता. शाईचे डबे मात्र जागच्या जागी, झाकणं घट्ट, कुठे गळती नाही. म्हटलं, निभावलं.

पांढऱ्या प्लॅस्टिसोलचा, म्हणजे टी-शर्ट छापायच्या एका शाईचा, डबा उघडून स्पॅच्युला खुपसला, तर तो तसाच उभा राहिला. मी जिथून आले त्या गरम मुलखात शाईची काळजी म्हणजे उकाड्याची काळजी. तापत्या खोलीत डबा पडून राहिला की शाई आळते आणि कायमची जाते, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे पोटात गोळा आला. पण गारठ्याने आलेला घट्टपणा वेगळा निघाला. प्लॅस्टिसोलमध्ये पाणी नसतंच. पीव्हीसीचे बारीक कण प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळलेले असतात. थंडीत तो द्रव जाड होतो, कणांना धक्का लागत नाही. उष्णतेत मात्र कण तोच द्रव पिऊन फुगतात, मग त्यांना मागे फिरवता येत नाही. पांढरी सगळ्यांत हट्टी, कारण तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. खोली तापवून ठेवली, संध्याकाळी दंड भरून येईपर्यंत घोटली, आणि शाई ताळ्यावर आली. (घाई करून डबा हिटरला टेकवून ठेवू नका. कडेची शाई अर्धवट शिजते आणि गुठळ्या थेट जाळीत अडकतात.)

वॉटर-बेस्ड शाईवर मी तोच उपाय केला. बर्फ वितळला आणि डब्यात फाटलेल्या दुधासारखं काहीतरी उरलं: वर पाणी, खाली चोथा. कितीही ढवळलं तरी चोथा तो चोथाच. या शाईत बाइंडरचे (रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे) कण पाण्यात सुटेसुटे असतात. पाण्याचा बर्फ होताना ते एकमेकांवर दाबले जाऊन चिकटतात, आणि बर्फ वितळला तरी सुटत नाहीत. स्क्रीनला, म्हणजे छपाईच्या जाळीला, लावायच्या फोटो इमल्शनचंही (उजेडात घट्ट होऊन नक्षीचा साचा बनवणाऱ्या लेपाचंही) तेच झालं. ‘थंड जागी ठेवा’ असं त्यावर लिहिलेलं असतं, ते मी फारच मनावर घेतलं म्हणायचं.

डबा चालेल का हे आता मी हवामान पाहून नाही, आत पाणी आहे का हे पाहून ठरवते. प्लॅस्टिसोल गॅरेजमध्येच असतो, पण काँक्रीटच्या जमिनीवर नाही, फळीवर. जमीन खालून रात्रभर ऊब ओढत राहते. बाहेरून आलेला गार डबा लगेच उघडतही नाही. उबदार हवेतली वाफ गार शाईवर दव होऊन बसते, आणि प्लॅस्टिसोलमध्ये पाणी शिरलं की छपाई तापवून पक्की करणाऱ्या ड्रायरमध्ये बुडबुडे येतात. डबा खोलीइतका कोमट झाला की मगच झाकण काढायचं.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. शाई नरम झाली म्हणजे काम झालं असं नाही. पॅलेट (शर्ट बसवायची फळी) गार, टी-शर्ट गार, त्यामुळे फ्लॅशला, म्हणजे थर वरून तापवून जरासा घट्ट करायला, जास्त वेळ लागतो आणि ड्रायरचा पट्टा नेहमीच्या वेगाने सोडला तर शाईचा थर आतपर्यंत तापतच नाही. नेहमीच्या प्लॅस्टिसोलला साधारण 160 अंश लागतात, तेही वरच्या पापुद्र्याला नव्हे, अख्ख्या थराला. माझे चाळीस शर्ट दिसायला झकास होते. पहिल्या धुण्यात छपाईला भेगा पडल्या. तेव्हापासून पट्टा हळू आणि पॅलेट आधी तापवलेले.

वॉटर-बेस्ड डबे आणि इमल्शन यांचा मुक्काम आता माझ्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात आहे. सोबत राहणाऱ्या मैत्रिणीने परवा कपाट उघडलं, आठ डबे पाहिले, काही न बोलता आपले स्वेटर वरच्या कप्प्यात हलवले.