सागरगड : बाबांच्या रस्त्यावरचा डोंगर

पेणहून अलिबागला येताना कार्ले खिंड मागे पडली की डाव्या हाताला सागरगडाची रांग दिसते. बाबांनी या रस्त्यावर 27 वर्षं एसटी चालवली. त्या डोंगराखालून किती फेऱ्या झाल्या असतील, त्यांनाही सांगता येणार नाही. पण वर कधी गेले नव्हते. ड्युटी असताना वेळ नव्हता, निवृत्तीनंतर गुडघा दुखायला लागला, मग आईचं आजारपण. या पौषात मीच म्हटलं, "बाबा, उद्या सागरगडावर जाऊया." ते काहीच बोलले नाहीत. पहाटे उठून बघते तर कॅनव्हासचे बूट चढवून, मफलर गुंडाळून ओटीवर बसलेले.

खंडाळे गावातून वाट सुटते. शेतात वालाचे वेल दवाने भिजले होते, आंब्याला नुकता मोहोर धरला होता. पावसाळ्यात इथला धबधबा लांबून ऐकू येतो. आता कातळावर नुसती ओली रेघ होती. चढ सुरू झाला तशी मी भराभर पुढे गेले आणि पंधरा मिनिटांत धापा टाकत बसले. बाबा मागून त्याच चालीने आले, थांबलेच नाहीत. "चढाला गाडी ताणायची नाही. लहान गिअर टाकायचा आणि चालू ठेवायचं." त्यानंतर मी त्यांच्या मागे चालले, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत मला एकदाही दम लागला नाही.

देवळात बाबा बराच वेळ डोळे मिटून बसले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

माचीवरच्या वाडीत एका आजींनी पाणी दिलं, बाबांचा गुडघा बघून एक काठीही दिली. "उतरताना लागंल," म्हणाल्या. खरंच लागली. वाळलेलं गवत आणि मुरूम यांच्यावरून पाय इतका सरकतो की चढापेक्षा उतारच जपून करावा लागतो. हिवाळ्यात येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गड सुमारे साडेतेराशे फूट उंच. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत हाही होता. तटबंदी पडझडीला आली आहे, पण गोमुखातून पाणी येत होतं, गार आणि गोड. दक्षिण टोकाला वानरटिंगीचा सुळका दरीतून सरळ उभा आहे. तिथे वारा असा की मी बाबांचा हात धरला. त्यांनीही सोडवला नाही.

पश्चिमेला समुद्र. धुरकट हवेतून आधी अलिबागचा कुलाबा किल्ला ओळखू आला, मग खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग. 1679 साली महाराजांनी खांदेरी बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला होता, तरी काम थांबलं नाही. हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. बाबांनी ऐकलं, मान हलवली आणि हळूहळू उलट्या बाजूला, जमिनीकडे वळले.

"ती धरमतरची खाडी. अलीकडे पोयनाड. म्हणजे रस्ता असा येतो." काठीच्या टोकाने ते हवेत वळणं काढत होते. कुठल्या वळणावर पावसात चाक घसरायचं, कुठे शाळेची मुलं हात दाखवायची, कुठे पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन बायका उभ्या असायच्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. लहानपणी ते घरी यायचे तेव्हा मी झोपलेली असायचे. किल्ला बघायचा राहिला तो राहिलाच. आम्ही तासभर तो रस्ता बघत बसलो.

खाली आलो तेव्हा ऊन कलत होतं. एका शेतात पोपटीचं, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायचं मडकं पेटवलं होतं, त्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. रिक्षा उभी होती, पण बाबा एसटीसाठीच थांबले. गाडीत डाव्या खिडकीशी बसले, मान वळवून मागे बघत राहिले आणि तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला बोट दाखवून म्हणाले, "आज तिथं होतो. वर."