आकृती क्रमांक ३

पर्णरंध्राच्या दोन रक्षकपेशी मी पेन्सिलने काढल्या होत्या. छिद्राकडची पेशीभित्ती जाड, बाहेरची पातळ. हा फरक नुसत्या रेषेतून दिसायला हवा, म्हणून चार वेळा खोडून पुन्हा काढल्या. शोधनिबंधात ती आकृती क्रमांक ३ म्हणून छापून आली. सहा वर्षांनी एका पुस्तकातल्या प्रकरणात तीच वापरायचं ठरलं, तर संपादकांनी विचारलं, "प्रकाशकाची परवानगी आणलीत का?"

परवानगीच्या अर्जात एक रकाना होता: तुम्ही मूळ लेखक आहात का? 'हो' वर टिचकी मारताना जिवाला लागलं. परवानगी फुकट मिळाली, पण आकृतीखाली 'हक्क प्रकाशकाचे' असं छापायची अट होती.

मग जुन्या ईमेल उकरल्या. निबंध स्वीकारल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉपीराइट हस्तांतराचा करार आला होता आणि छापून येण्याच्या आनंदात मी तो न वाचता सही करून पाठवला होता. मला कोणी फसवलं नव्हतं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. माझा राग आहे तो या रिवाजावर. लेखक मानधन न घेता लिहितात, समीक्षक बहुतेक वेळा मानधन न घेता तपासतात, आणि हक्क मात्र सगळेच्या सगळे सोडायचे. छापायला नुसती परवानगी पुरते, त्यासाठी मालकी लागत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत: हक्क लेखकाकडे राहतो, आणि श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून कोणीही मजकूर वापरू शकतो.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने तो निबंध मागितला. तिच्या ग्रंथालयाकडे त्या जर्नलची वर्गणी नव्हती. तिला एकटीला पीडीएफ पाठवून भागलं असतं, पण तिच्यासारख्या बाकीच्यांचं काय? छापील पीडीएफ सगळ्यांसाठी खुली ठेवणं करारात बसत नव्हतं. मात्र निबंधाच्या तीन आवृत्त्या असतात: समीक्षेआधीचा प्रीप्रिंट, समीक्षेनंतर स्वीकारलेलं हस्तलिखित आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली प्रत. मधलं हस्तलिखित संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात ठेवायला पुष्कळ प्रकाशक मुभा देतात, बहुधा काही महिने थांबून. शेर्पा रोमिओ (आता ओपन पॉलिसी फाइंडर) या संकेतस्थळावर जर्नलचं नाव टाकलं की नियम दिसतो. माझ्या जर्नलची मुदत होती बारा महिने.

म्हणजे पाच वर्षं तो निबंध कोणालाही वाचता आला असता! प्रकाशकाने अडवलंच नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. भौतिकशास्त्रातली मंडळी १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या खुल्या ऑनलाइन संग्रहावर आपले प्रीप्रिंट ठेवत आली आहेत, आणि आम्ही वनस्पतीवाले मात्र 'छापून आलं, काम संपलं' म्हणून मोकळे होतो.

स्वीकारलेलं हस्तलिखित समीक्षकांना पाठवलेल्या शेवटच्या उत्तराच्या ईमेलमध्ये सापडलं. सहलेखकांना कळवलं, पहिल्या पानावर छापील प्रतीचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, घातला आणि फाइल संग्रहात चढवली. नव्या निबंधाच्या करारातलं हस्तांतराचं कलम बदलून मागितलंय, उत्तराची वाट पाहतेय.

विद्यार्थिनीला दुवा पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न आला: "मॅडम, आकृती ३ मध्ये बाहेरची भित्ती पातळ आहे, म्हणून पेशी फुगली की तिकडेच जास्त ताणली जाते का?"