हा जिना नेमका कुठल्या विंगचा?

संध्याकाळी सव्वासहाला साइटवरून फोन आला की समजायचं काहीतरी उलटं बसलंय. त्या दिवशी सुपरवायझरचा आवाज एकदम शांत होता, म्हणजे जरा जास्तच उलटं. "मॅडम, मधलं लँडिंग १८०० ला का १९५० ला? सेंटरिंगवाल्यानं १९५० ला प्लाय ठोकलाय, पण ए विंगला तुम्ही १८०० म्हणालेला असं मला आठवतंय." मी म्हटलं हो, ए ला १८००च. (आमची मापं सगळी मिलिमीटरमध्ये, आणि लँडिंग म्हणजे जिन्याच्या मधला सपाट टप्पा.) "मग हा कागद कुठल्या विंगचा?" त्यावर लिहिलंय की, असं म्हणत मी लॅपटॉपवर शीट उघडली तर लिहिलेलं होतं 'सेक्शन थ्रू स्टेअरकेस', म्हणजे जिन्यातून बिल्डिंग उभी कापून काढलेलं ड्रॉइंग. बस. कुठला जिना, कुठली विंग, कुठून कापलाय, काहीच नाही.

नशीब की सळई अजून बांधायची होती. काँक्रीटच्या साच्याचा प्लाय उतरवला, दोन दिवस गेले, सेंटरिंगवाल्याने मला मनात काय काय म्हटलं असेल ते असो.

गंमत म्हणजे त्या सेक्शनवर मी चार दिवस घातले होते, आणि तो खरंच चांगला झाला होता. शाळेची इमारत, सांगली जिल्ह्यात, ए बी सी तीन विंग, प्लॅनमध्ये तिन्ही भावंडं. मजल्याची उंची ३६००, म्हणजे १५० चे २४ रायझर (पायरीची उभी उंची), १२ अधिक १२, मधलं लँडिंग १८०० ला. फरक एवढाच की बी विंगच्या लँडिंगखालून मागच्या ग्राउंडवर जायचा दरवाजा आहे. प्लॅनमध्ये तो दरवाजा काय मस्त दिसत होता, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सेक्शन कापला तेव्हा कळलं. बाहेरची जमीन प्लिंथपेक्षा (जोत्यापेक्षा) ४५० खाली, म्हणजे जमिनीपासून लँडिंगचा माथा २२५०, त्यातून लँडिंगला धरून ३८० खोल बीम गेला की उरले १८७०. नॅशनल बिल्डिंग कोड म्हणतो जिन्याखालून किंवा लँडिंगखालून जायला किमान २.२ मीटर पाहिजे. १८७० मध्ये सातवीतली पोरं जातील, पीटीचे सर डोकं आपटतील.

स्ट्रक्चरलवाल्यांशी तासभर घासाघीस केली आणि मग बीम उलटा घेतला, म्हणजे लँडिंगच्या वर निघणारा, त्यामुळे खाली फक्त १५० चा स्लॅब राहिला. तरी २१००च होत होते. मग पहिल्या फ्लाइटमध्ये, म्हणजे लँडिंगपर्यंतच्या पायऱ्यांत, एक रायझर वाढवून १३ अधिक ११ केलं, लँडिंग १९५० वर गेलं, खाली २२५० मिळाले, आणि जिन्याची खोली फक्त एका पायरीने, ३०० ने वाढली. तिथे जागा होती म्हणून जमलं. हे फक्त बी विंगला, बाकी दोन्ही जिने १२ अधिक १२. आणि नेमका हाच सेक्शन मी नाव-गाव न लिहिता पाठवला!

रेव्हिटमध्ये, म्हणजे आम्ही बिल्डिंगचं मॉडेल करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, सेक्शन 'कापणं' म्हणजे दोन क्लिक, त्यामुळे लोकांना वाटतं सेक्शन फुकट मिळतो. फुकट मिळतो तो फक्त कच्चा माल. माझा पहिला सेक्शन उघडला तेव्हा मागच्या सी विंगच्या खिडक्या, कंपाउंड, त्यापलीकडची झाडं, सगळं एकाच जाडीच्या रेघांत, जत्रा नुसती. 'फार क्लिप ऑफसेट' (सेक्शन किती लांबपर्यंतचं दाखवणार ती हद्द) आत ओढला की निम्मी जत्रा जाते. उरलेल्याला डेप्थ क्यूइंग लावायचं, म्हणजे लांबचं फिकट होत जातं. हे २०१७ च्या व्हर्जनपासून आहे पण आमच्या ऑफिसात अजून निम्मे लोक लांबची एकेक रेघ लाइनवर्क टूलने हाताने हलकी करत बसतात, का ते विचारू नका.

मग कुठून कापायचं. कोड सांगतो की एक तरी सेक्शन जिन्यातून जायला हवा, आणि ते कागदोपत्री सोपस्कार म्हणून नाही, वरच्या हिशेबावरून कळलंच असेल. पण सरळ रेघ ओढली की ती जिन्यातून जाते आणि पुढे बरोब्बर एका कॉलमच्या पोटातून जाते, आणि कापलेला कॉलम सेक्शनमध्ये भिंतीसारखा दिसतो, मग बघणारा विचारतो इथे आरसीसीची भिंत कुठून आली. अशा वेळी स्प्लिट सेगमेंट घेऊन रेघ मोडायची, जिन्यातून जाऊ द्यायची आणि नंतर बाजूला सरकवून टॉयलेटमधून न्यायची, म्हणजे टॉयलेटचा खाली घेतलेला संक स्लॅबही त्याच सेक्शनमध्ये दिसतो. फक्त मोडायची म्हणून पाचदा मोडू नका, एकदा मी तसं केलं होतं आणि तो सेक्शन वाचायला मलाच प्लॅन हातात धरावा लागला.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जोड. भिंत आणि स्लॅब भेटतात तिथे मध्ये रेघ येते, काँक्रीटला काँक्रीट लागतं तिथेही रेघ येते. एकाच फाइलमधलं असेल तर जॉइन जॉमेट्री मारायचं, मटेरियल एकच असेल तर रेघ गायब. पण स्ट्रक्चरलचं मॉडेल लिंक करून आणलेलं असतं आणि लिंकमधल्या बीमला आपली भिंत जॉइन होत नाही म्हणजे नाहीच. वर आमच्या मॉडेलमध्ये पण स्लॅब, त्यांच्या मॉडेलमध्ये पण स्लॅब, एकावर एक, त्यात आमचा फिनिश धरून काढलेला, त्यामुळे सेक्शनमध्ये स्लॅब पाऊण फूट जाड दिसायला लागला. शेवटी ठरवलं की आरसीसी त्यांचं, आम्ही फक्त फिनिशचा थर काढायचा. हे प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी ठरवायला पाहिजे होतं, आम्ही ते चौथ्या महिन्यात ठरवलं.

संक स्लॅबमधला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), प्लिंथखालचं रबल सोलिंग (दगडांचा थर), मुरमाचा भराव हे मी मॉडेल करत नाही, सेक्शनवर फिल्ड रीजन (नुसता भरलेला सपाट आकार) टाकून मोकळी होते. काही लोकांना हे पाप वाटतं. वाटू दे.

तर एवढं सगळं करून पाठवलं, आणि फोन आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या काकांना सांगितलं. काका रॉट्रिंगच्या पेनाने ट्रेसिंगवर ड्रॉइंग काढायचे त्या काळातले. ते हसले आणि म्हणाले, "अगं पोरी, आम्ही प्रत्येक शीटवर कोपऱ्यात अंगठ्याएवढी बिल्डिंग काढायचो आणि जो भाग असेल तो पेन्सिलीने काळा करायचो. तुमच्याकडं एवढा कॉम्प्युटर आहे, तेवढं नाही का करत तो?"

करतो, पण सांगावं लागतं. या अंगठ्याएवढ्या बिल्डिंगला की प्लॅन म्हणतात. आधी मी सोपा मार्ग घेतला, म्हणजे एक लेजेंड (खुणांची छोटी आकृती) काढला, कारण बाकीचे बहुतेक व्ह्यू एकाच शीटवर लागतात पण लेजेंड हव्या तेवढ्या शीटवर लावता येतो. पण तीन विंगचे तीन लेजेंड झाले, आणि प्रत्येक शीटवर तो हाताने ठेवायचा, कुठे दोन मिलिमीटर वर कुठे खाली. त्यात सी विंग थोडी लांब झाली तेव्हा तिन्ही ठिकाणी बदलावं लागलं. मग नीट बसून फॅमिली केली, म्हणजे एकदा काढून हवा तिथे वापरता येणारा तयार तुकडा.

जेनेरिक अॅनोटेशनची, म्हणजे कागदावरच्या खुणेची, फॅमिली घ्यायची. यात एक गोष्ट डोक्यात ठेवा, ही कागदाच्या मापात काढायची असते, बिल्डिंगच्या नाही. आमची बिल्डिंग ८४ मीटर लांब, १:१००० ने काढली तर ८४ मिलिमीटर, आणि टायटल ब्लॉकची (शीटची चौकट, जिच्यात नाव-नंबर असतात) पट्टी ६० ची. म्हणून १:२०००, म्हणजे ४२ मिलिमीटर, बरोबर बसली. प्लॅनची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) ०.०००५ च्या स्केल फॅक्टरने आत आणली, तिच्यावरून फक्त बाहेरची रूपरेषा गिरवली आणि डीडब्ल्यूजी लगेच उडवली, नाहीतर तिचे लेयर प्रोजेक्टभर माशांसारखे बसतात. दारं, खिडक्या, कॉलम काही काढायचं नाही. ४२ मिलिमीटरमध्ये ते सगळं शाईचा डाग होतं.

मग प्रत्येक विंगवर एक भरीव फिल्ड रीजन, आणि त्याच्या व्हिजिबल या ओळीच्या टोकाला जे छोटं बटण असतं तिथून ते येस-नो पॅरामीटरला, म्हणजे एका टिकेला, जोडायचं. पॅरामीटर इन्स्टन्स (प्रत्येक शीटला वेगळा) ठेवायचा, टाइप (सगळ्यांना एकच) नाही, नाहीतर एका शीटवर टिक केलं की सगळ्या शीट काळ्या. इथे माझा अर्धा तास गेला कारण टिक काढली तरी काळा भाग दिसतच होता, फक्त फिकट. फॅमिली एडिटरमध्ये तो तसाच दिसतो, प्रिव्ह्यू व्हिजिबिलिटी चालू केल्यावर खरं काय ते कळतं. मी तोवर ते तीनदा उडवून परत काढलं होतं. सेक्शनसाठी कापायच्या रेघा आणि बाणसुद्धा तसेच टाकले, प्रत्येकाला आपापली टिक. शेवटी ही फॅमिली टायटल ब्लॉकमध्ये टाकून सगळे पॅरामीटर तिथल्या पॅरामीटरला जोडले. आमचे ए१ आणि ए३ असे दोन टायटल ब्लॉक, दोन्हीत तीच फॅमिली, त्यामुळे उद्या बिल्डिंग बदलली तरी एकाच जागी हात घालायचा. आता शीटवर टायटल ब्लॉक निवडला की प्रॉपर्टीजमध्ये विंग ए, बी, सी आणि खाली सेक्शनच्या टिका.

की प्लॅन म्हटलं की आपल्याकडे अजून एक घोळ. परवानगीच्या ड्रॉइंगवर जो की प्लॅन मागतात तो वेगळा, त्यात आपला प्लॉट आजूबाजूच्या ओळखीच्या खुणांसकट दाखवायचा असतो, कोडप्रमाणे १:१०००० पेक्षा लहान स्केल चालत नाही आणि किमान ७५ मिलिमीटरचा हवा. मी नव्या ट्रेनीला म्हटलं सगळ्या शीटवर की प्लॅन टाक, आणि जेवून आले तर साइटच्या सतरा शीटवर मॅपचा स्क्रीनशॉट, त्यात शेजारचा वडापावचा गाडासुद्धा. त्याची चूक नाही, मी नीट सांगितलंच नव्हतं.

प्रिंट घडी घालून ए४ झाली की टायटल ब्लॉक वर येतो, त्यामुळे सुपरवायझर आता गठ्ठ्यातून कागद काढताना उघडतही नाही, काळा चौकोन बघतो आणि ओढतो. मला बरं वाटत होतं.

मागच्या मंगळवारी परत सव्वासहाला फोन. "मॅडम, टेरेसच्या पॅरापेटचा कागद आलाय. यात ए पण काळं आहे आणि सी पण काळं आहे." ए ची शीट डुप्लिकेट करून सी ची केली होती, सी ला टिक केली आणि ए ची काढायची राहिली. मी म्हटलं सी धरा. तो म्हणाला, "धरतो, पण तुम्ही कागद बदलून पाठवा, मी पेनानं खोडणार नाही."

पाठवला.